मोफत ईमेल सेवा गुंडाळणाऱ्या कंपन्यांना खुलं पत्र : सेवा थांबवा, पण दिलेला पत्ता दुसऱ्याच्या हाती जाऊ देऊ नका

प्रति,
संचालक मंडळ आणि तांत्रिक प्रमुख,
जुन्या मोफत ईमेल सेवा चालवणाऱ्या सर्व कंपन्या

विषय : सेवा बंद करताना वापरकर्त्यांचे पत्ते, त्यांचं टपाल आणि डोमेन यांची काळजी घेण्याबाबत

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

आम्ही मेल सर्व्हर सांभाळणारी माणसं आहोत. तुमच्या सेवेकडून येणारं आणि तिकडे जाणारं टपाल रोज आमच्या रांगांतून जातं. त्यामुळे एखादी जुनी सेवा खचू लागली की बातमी येण्याआधी आम्हाला ते लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, दिसतं. मेलबॉक्स भरल्याचे बाउन्स, म्हणजे न पोचता परत येणारी पत्रं, वाढतात, पलीकडचा सर्व्हर उत्तर द्यायला वेळ लावतो, सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत टळून जाते आणि आठवडा उलटला तरी ते कुणी बदलत नाही.

सेवा बंद करण्याचा अधिकार तुमचाच आहे. जाहिरातींतून साठवणुकीचा खर्च निघत नसेल तर तोटा सोसून ती चालवत राहा, असं सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही. ती कोणत्या क्रमाने बंद करावी आणि कोणती गोष्ट कधीच करू नये, एवढंच सांगायचं आहे. न करायची गोष्ट आधीच सांगतो : एकदा कुणाला दिलेला पत्ता दुसऱ्या कुणाला देऊ नका, आणि तो ज्या डोमेनवर आहे ते डोमेन, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरचं नाव, हातचं जाऊ देऊ नका.

ईमेल पत्त्याला एवढं महत्त्व कसं आलं, हे हॉटमेलच्या चढ-उतारातून नीट कळतं. १९९६ च्या आधी बहुतेकांचा पत्ता एक तर नोकरीच्या ठिकाणचा असे, नाही तर इंटरनेट जोडणी देणाऱ्या कंपनीचा किंवा कॉलेजचा. नोकरी सुटली, जोडणी बदलली, की पत्ता गेला. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ या दोघा सहकाऱ्यांना ऑफिसच्या फायरवॉलमुळे, म्हणजे बाहेरच्या जोडण्या अडवणाऱ्या व्यवस्थेमुळे, आपलं खासगी टपाल उघडता येईना, त्यातून टपाल थेट ब्राउझरमध्येच दाखवण्याची कल्पना निघाली. ड्रेपर फिशर जर्व्हेट्सन या गुंतवणूकदार संस्थेने सुरुवातीला ३ लाख डॉलर घातले आणि ४ जुलै १९९६ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, सेवा खुली झाली. नावातच एचटीएमएल, म्हणजे वेबपानांच्या भाषेचं नाव, ही चार अक्षरं गुंफलेली होती. जाहिरातीवर फार खर्च करावाच लागला नाही. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राखाली ‘तुमचंही मोफत खातं घ्या’ अशा अर्थाची एक ओळ आपोआप जोडली जाई आणि पत्र मिळालेला माणूस पुढचा ग्राहक होई. डिसेंबर १९९७ पर्यंत ८५ लाखांहून अधिक खाती झाली होती. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने ही सेवा घेतली. किंमत सुमारे ४० कोटी डॉलर सांगितली जाते. फेब्रुवारी १९९९ पर्यंत सक्रिय सभासद ३ कोटींवर गेले. याहूनेही याच सुमारास, ऑक्टोबर १९९७ मध्ये, रॉकेटमेल चालवणारी कंपनी विकत घेऊन आपली मेल सेवा उभी केली.

हॉटमेलच्या त्या तळओळीत पैसे न घेण्याइतकंच मोठं दुसरं एक आश्वासन होतं : हा पत्ता तुमचा, नोकरीचा नव्हे आणि जोडणीचाही नव्हे. लोकांनी त्यावर विश्वास ठेवला. बँकेला, विमा कंपनीला, विद्यापीठाला, प्रत्येक संकेतस्थळाला तोच पत्ता दिला. आज तुमच्या सर्व्हरवर पडून असलेली खाती त्या विश्वासातून आली आहेत.

उतार कुठे लागला? साधारणपणे २००४ साली, जीमेल आलं तेव्हा, असं सांगितलं जातं आणि ते खोटं नाही. हॉटमेलचा मोफत कोटा तोवर २ एमबी होता. अटॅचमेंट पाठवताना ती बेस-६४ पद्धतीने बदलली जाते, म्हणजे दर तीन बाइटांची चार अक्षरं होतात, वर ओळी तोडण्याची चिन्हं. एकूण वजन एक-तृतीयांशाहून थोडं जास्त वाढतं. ७०० केबीचा फोटो मेलबॉक्समध्ये साडेनऊशे केबीच्या पुढे जातो. असे दोन फोटो आले की पेटी भरली. तिसरं पत्र ‘५.२.२, मेलबॉक्स भरला’ असा शिक्का घेऊन परत जातं आणि असे बाउन्स मोजणाऱ्या मेलिंग लिस्ट काही दिवसांत त्या माणसाचं नावच काढून टाकतात. १ एप्रिल २००४ ला जीमेलने १ जीबी जाहीर केली, म्हणजे पाचशे पट, तेव्हा पुष्कळांना ती एप्रिल फूलची गंमत वाटली. हॉटमेलने त्याच वर्षी जूनमध्ये २५० एमबी देऊ म्हणून सांगितलं. तोवर रोज टपाल वापरणारा माणूस हलू लागला होता. मधल्या काळात, २००० साली, हॉटमेलचे पुढच्या फळीचे वेब सर्व्हर फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीवरून मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० वर नेले गेले होते. वापरणाऱ्याला त्यातून एक एमबीही जास्त मिळाली नाही.

आमच्या मते मात्र कोट्यापेक्षा विश्वासाला बसलेले धक्के मोठे होते, आणि ते आधीच बसले होते. ऑगस्ट १९९९ मध्ये उघड झालं की लॉगिनच्या एका विशिष्ट वाटेने गेलं तर केवळ खात्याचं नाव आणि पासवर्ड म्हणून ‘ई’ आणि ‘एच’ ही दोन अक्षरं देऊन कुणाचंही टपाल उघडता येत होतं. सेवा काही तास बंद ठेवावी लागली. त्याच वर्षी नाताळच्या तोंडावर पासपोर्ट डॉट कॉम या डोमेनचं नूतनीकरण करायचं राहून गेलं. हॉटमेलचं लॉगिन त्या डोमेनवर टेकलेलं होतं, त्यामुळे अनेकांना आपल्या खात्यात शिरता येईना. कंपनीशी काही संबंध नसलेल्या एका प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरले आणि दार पुन्हा उघडलं. चाळीस कोटींची सेवा पस्तीस डॉलरच्या पावतीवर अडली होती. याची आठवण पुढे पुन्हा काढणार आहोत.

एवढं झाल्यावरही एक मोठी गोष्ट तिथे बरोबर घडली आणि ती तुम्ही आवर्जून पाहावी. नाव बदललं, २००७ मध्ये विंडोज लाइव्ह हॉटमेल, ३१ जुलै २०१२ ला आउटलुक डॉट कॉम. मे २०१३ पर्यंत ३० कोटींहून अधिक खाती आणि १५० पेटाबाइट टपाल सहा आठवड्यांत नव्या व्यवस्थेवर नेलं गेलं. पण हॉटमेल डॉट कॉमवर पाठवलेलं पत्र आजही पोचतं. रॉकेटमेलच्या पत्त्यांचंही तसंच. पाटी उतरली तरी पत्त्याचं दार उघडं राहिलं. निष्क्रिय खात्यांच्या बाबतीत मात्र तिथेही चूक झाली, आणि सगळ्या जुन्या सेवांना सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे.

२००९ सालची ट्विटरमधली चोरी आठवा. ट्विटरच्या एका कर्मचाऱ्याच्या जीमेल खात्यावर चोराने ‘पासवर्ड विसरलो’ची कळ दाबली. दुवा पर्यायी पत्त्यावर पाठवला आहे, असं उत्तर आलं आणि तो पत्ता तारका घालून, अर्धवट झाकून दाखवला गेला. दिसणाऱ्या अक्षरांवरून चोराने हॉटमेल ओळखलं. तो हॉटमेल पत्ता बराच काळ उघडला गेला नव्हता, म्हणून नव्या नोंदणीसाठी मोकळा झाला होता. चोराने तो स्वतःच्या नावे घेतला, पुन्हा तीच कळ दाबली आणि दुवा त्याच्या पेटीत येऊन पडला. आत गेल्यावर जुन्या टपालात त्याला दुसऱ्या एका सेवेने कळवलेला पासवर्ड सापडला. तोच जीमेललाही लागू असेल असा अंदाज बांधून त्याने तो पुन्हा बसवला, म्हणजे मालकाला काही बदललंय हे कळूच नये. तिथून वाट कंपनीच्या कागदपत्रांपर्यंत गेली.

यात कुणी पासवर्ड फोडला नाही की सर्व्हरमध्ये छिद्र पाडलं नाही. ‘निष्क्रिय’ या शब्दाचा अर्थ चुकला, एवढंच. पर्यायी पत्ता म्हणून ठेवलेली पेटी वर्षानुवर्षं उघडली जात नाही, कारण ती तशीच वापरायची असते. तुमच्या नोंदीत ती मेलेली दिसते. प्रत्यक्षात ती दुसऱ्या पाच खात्यांची किल्ली असते. लॉगिनची तारीख पाहून हे कळणं शक्य नाही.

जून २०१३ मध्ये याहूने वर्षभर न उघडलेल्या खात्यांची नावं नव्या लोकांना द्यायचं जाहीर केलं. काळजी घेतली नाही असं नाही. निदान ३० दिवस त्या पत्त्यांवरचं टपाल परत पाठवलं जाणार होतं. तरी नव्या मालकांच्या पेटीत जुन्या मालकांचं खासगी टपाल येऊ लागलं आणि ‘हे पत्र माझं नाही’ असं सांगणारं बटण द्यावं लागलं. तीस दिवस का पुरले नाहीत? कारण वर्षातून एकदाच पत्र पाठवणारे पुष्कळ असतात, आणि त्या तीस दिवसांत ज्यांनी काहीच पाठवलं नाही त्यांना बाउन्स दिसलाच नाही. पुढे जुलै २०१४ मध्ये याहू आणि फेसबुकमधल्या अभियंत्यांनी आरएफसी ७२९३ हा इंटरनेटचा तांत्रिक दस्तऐवज लिहिला. पाठवणारा पत्रावर ‘हा पत्ता अमुक तारखेपासून याच माणसाकडे असेल तरच द्या’ असा शेरा मारतो. मालक बदलला असेल तर सर्व्हर ५.७.१७ म्हणून पत्र नाकारतो. युक्ती चांगली आहे, पण दोन्ही टोकांनी राबवली तरच चालते. एखाद्या छोट्या दुकानाच्या संकेतस्थळाने किंवा ग्रंथालयाच्या जुन्या प्रणालीने ती राबवावी अशी अपेक्षा ठेवून पत्ते वाटणं बेजबाबदारपणाचं आहे.

पत्ता पुन्हा न देण्यासाठी टपाल साठवून ठेवावं लागत नाही. फक्त वापरून झालेल्या नावांची यादी लागते. प्रत्येक नावाचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे त्या नावावरून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा, ३२ बाइटांचा. दहा कोटी नावांचे ३.२ जीबी झाले, पेनड्राइव्हवर मावतील. ‘एवढी नावं सांभाळायची कुठे’ ही सबब या आकड्यापुढे टिकत नाही.

आता बंद करण्याच्या क्रमाबद्दल. सगळ्यात आधी नवी नोंदणी थांबवा, आणि त्याच दिवशी बंद होण्याची तारीख जाहीर करा. दोन्हींत अंतर पडलं तर सेवा चालू राहणार असं समजून लोक नवी खाती उघडत राहतात, आणि स्पॅमवाले तर रांग लावतात. ती तारीख किमान बारा महिने पुढची हवी. विम्याचा हप्ता, कराची विवरणं, डोमेनचं नूतनीकरण अशी पत्रं वर्षातून एकदाच येतात. पूर्ण वर्षाची पेटी डोळ्यांखालून गेल्याशिवाय आपला पत्ता कुठे कुठे दिलाय हे माणसाला आठवत नाही. इथे तुम्ही सोपी मदत करू शकता. प्रत्येकाला त्याच्या पेटीतल्या पाठवणाऱ्या डोमेनची यादी द्या, शेजारी शेवटचं पत्र आलेली तारीख. डोमेनवार गट पाडायचा आणि तारखेने लावायचं, इतकंच काम आहे. त्या यादीवर टिचक्या मारत माणूस एका रविवारी पंचवीस ठिकाणचा पत्ता बदलू शकतो.

सूचना केवळ वेबमेलच्या पट्टीवर देऊ नका, कारण फोनवरच्या ॲपमधून आयमॅपने, म्हणजे सर्व्हरवरची सगळी पेटी दाखवणाऱ्या पद्धतीने, टपाल वाचणाऱ्याला ती पट्टी कधीच दिसत नाही. पेटीत पत्र टाका, पर्यायी पत्त्यावरही पाठवा, तीन-तीन महिन्यांनी पुन्हा पाठवा. त्या पत्रात लॉगिनचा दुवा ठेवू नका. ‘तुमचं खातं बंद होतंय, इथे टिचकी मारा’ हे तर फसवणुकीच्या पत्रांचं ठरलेलं वाक्य आहे, आणि तुमची घोषणा झाली की तशी नक्कल पत्रं येणारच. पत्ता हाताने टाइप करून या, असं सांगा.

टपाल बाहेर नेण्यासाठी आयमॅप सर्वांना खुलं करा, फुकट खात्यांनाही. नुसतं पॉप, म्हणजे टपाल उतरवून घेण्याची जुनी पद्धत, देऊन भागत नाही. पॉपला इनबॉक्सपलीकडचं काही दिसत नाही, पाठवलेलं टपाल आणि सगळे फोल्डर मागेच राहतात. दुसऱ्या सेवेत टपाल भरणारं साधन तुम्ही स्वतः देणार असाल तर पत्र चढवताना मूळ आगमन-तारीखही सोबत द्या. ती राहिली की पंधरा वर्षांचं टपाल आजच्या तारखेला आलेलं दिसतं आणि सगळी पेटी निरुपयोगी होते. ही चूक फार ठिकाणी होते. एमबॉक्स फाइल, म्हणजे सगळी पत्रं एकापाठोपाठ ठेवलेली एकच फाइल, देत असाल तर मजकुरात ‘फ्रॉम’ या इंग्रजी शब्दाने आणि त्यापुढच्या मोकळ्या जागेने सुरू होणाऱ्या ओळींच्या आधी ‘>’ हे चिन्ह लावायला विसरू नका, नाही तर तिथून नवं पत्र सुरू झालं असं धरलं जातं आणि एका पत्राची दोन होतात. जुन्या पत्रांत अक्षरसंचाची, म्हणजे अक्षरं कोणत्या सांकेतिक पद्धतीने लिहिली आहेत याची, नोंद पुष्कळदा नसते; ती पत्रं सुधारायला जाऊ नका, कच्ची जशी आहेत तशी द्या. संपर्क-यादी आणि दिनदर्शिका वेगळ्या फाइलींत.

वाहिनीचा हिशेब आधी करा. दहा लाख खाती आणि सरासरी २ जीबी धरली तर २ पेटाबाइट होतात. १० गिगाबिटची वाहिनी पूर्ण भरून चालली तरी ते बाहेर पडायला साडेअठरा दिवस लागतात. सगळे शेवटच्या आठवड्यात आले, आणि लोक शेवटच्या आठवड्यातच येतात, तर निम्म्यांहून अधिक जण रिकाम्या हाताने जातील. म्हणून नव्या टपालाची तारीख आणि पेटी पुसण्याची तारीख वेगळी ठेवा. मध्ये निदान तीन महिने पेटी फक्त वाचता आणि उतरवता यावी.

पुढे पाठवण्याची सोय, म्हणजे फॉरवर्डिंग, बंद झाल्यावर आणखी एक वर्ष ठेवता आली तर उत्तम. ती नीट केली नाही तर आम्हालाच ते टपाल नाकारावं लागतं. तुमच्या सर्व्हरवरून दुसऱ्याच्या डोमेनचं पत्र आलं की एसपीएफ तपासणीत ते नापास होतं, कारण त्या डोमेनने मान्य केलेल्या सर्व्हरच्या यादीत तुमचा आयपी, म्हणजे तुमच्या सर्व्हरचा क्रमांक, नसतो. लिफाफ्यावरचा पाठवणारा एसआरएस पद्धतीने, म्हणजे तिथे तुमच्या डोमेनवरचा पत्ता घालून, बदलून घ्या. पत्राच्या मजकुराला हात लावू नका, तळाला सूचना जोडू नका. एक अक्षर वाढलं तरी डीकेआयएम, म्हणजे पाठवणाऱ्या डोमेनची डिजिटल सही, मोडते, आणि मूळ पाठवणाऱ्याचं डीमार्क धोरण, म्हणजे तपासणीत नापास झालेल्या पत्राचं काय करायचं याची सूचना, कडक असेल तर पत्र तिथेच पडतं. आणि स्पॅम गाळून झाल्यावरच पुढे पाठवा. न गाळता पाठवलंत तर पलीकडच्या सेवांच्या नजरेत स्पॅम पाठवणारे तुम्हीच ठरता आणि चांगली पत्रंही अडतात.

शेवटचा दिवस आला की सर्व्हरला खरं बोलू द्या. पत्र स्वीकारून गुपचूप फेकून देणं हा सगळ्यात वाईट मार्ग, कारण पाठवणाऱ्याला ते पोचलं असंच वाटतं. चारशेच्या घरातल्या क्रमांकाचं, ‘नंतर पुन्हा या’ असं तात्पुरतं उत्तरही नको; आमचे सर्व्हर चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा दार ठोठावतात आणि पाठवणारा तितके दिवस अंधारात राहतो. ५५० या कायमच्या नकारासोबत ५.१.६ हा क्रमांक द्या : मेलबॉक्स हलला आहे, पुढचा पत्ता नाही. किमान दोन वर्षं हे उत्तर देणारा एक छोटा सर्व्हर चालू ठेवा; त्याला डिस्क जवळजवळ लागत नाही.

त्यानंतर डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदींत, शून्य एमएक्स लावा. एमएक्स ही टपाल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचं ते सांगणारी नोंद; तिच्यात प्राधान्य ० आणि सर्व्हरच्या नावाच्या जागी नुसता टिंब ठेवा. आरएफसी ७५०५ मध्ये ते दिलं आहे. एमएक्स नोंद नुसती खोडून टाकली तर पाठवणारे सर्व्हर वेबसाइटच्या आयपीवर टपाल टाकायचा प्रयत्न करतात. एसपीएफमध्ये ‘वजा ऑल’, म्हणजे कुठल्याच सर्व्हरला परवानगी नाही, आणि डीमार्कमध्ये ‘रिजेक्ट’, म्हणजे नाकारा, असं लिहा आणि जुन्या डीकेआयएम किल्ल्या काढून टाका, म्हणजे तुमच्या नावाने कुणी खोटं टपाल पाठवलं तर आम्ही ते दारातच अडवू शकू.

आणि डोमेन. डॉट कॉमची मुदत टळली की नोंदणी संस्था देईल ते सवलतीचे दिवस, मग ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ, मग ५ दिवस, आणि त्यानंतर ते नाव जो आधी मागेल त्याचं. नवा मालक एक एमएक्स नोंद लावतो, कुठल्याही नावावर आलेलं टपाल एकाच पेटीत पडेल अशी सोय करतो आणि बसून राहतो. दहा लाख माणसांच्या पासवर्ड रीसेटचे दुवे त्याच्याकडे चालत येतात. तुम्ही पेट्या कितीही काळजीपूर्वक पुसल्या असल्या तरी त्याचा इथे काही उपयोग होत नाही. डॉट कॉमची नोंदणी एका वेळी दहा वर्षांपर्यंत करता येते. ती करा, हस्तांतराला कुलूप लावा, आणि नूतनीकरणाच्या सूचना एका माणसाच्या पेटीत जाऊ देऊ नका. शक्यतो त्याच डोमेनवरच्या पेटीत तर मुळीच नको, कारण ती पेटी तुम्हीच बंद करणार आहात. कंपनी विकली जाणार असेल तर हे डोमेन कुणाला, कोणत्या अटीवर आणि किती वर्षं सांभाळायचं, हे विक्रीच्या करारात लिहा. पासपोर्ट डॉट कॉमच्या वेळी पैसे भरणारा भला माणूस निघाला. दर वेळी तसा निघत नाही.

आमची मागणी एवढीच आहे की चार गोष्टी तुमच्या मुखपृष्ठावर जाहीर करा : नवं टपाल थांबण्याची तारीख, पेट्या पुसण्याची तारीख, वापरलेली नावं पुन्हा दिली जाणार नाहीत याची लेखी हमी, आणि डोमेनची नोंदणी कोणत्या सालापर्यंत भरली आहे ते. शेवटची गोष्ट तपासायला दोन मिनिटं लागतात, ती आजच तपासावी ही विनंती.

कळावे,

आपले,
मेल सर्व्हर सांभाळणारे काही प्रशासक